शेन्झेन करमाफीवर उभे राहिले नाही

दर काही वर्षांनी आपल्याकडे एक मागणी नव्या जोमाने पुढे येते. विशेष आर्थिक क्षेत्रांना, म्हणजे ज्यांना सगळे सेझ म्हणतात त्यांना, नफ्यावरच्या करातून पूर्ण माफी द्या, नियमांचा जाच कुंपणाबाहेर ठेवा, जमीन एकगठ्ठा विकसकाच्या हवाली करा. दहा-पंधरा वर्षांत इथेही एक शेन्झेन, एक दुबई उभी राहील. उद्योगसंघटनांच्या निवेदनांत ही मागणी असते, अर्थसंकल्पाआधीच्या बैठकांत असते आणि अर्थपुरवण्यांत तर ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणूनच मांडली जाते. आधाराला जगाचा आकडा दिला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने, म्हणजे अंक्टाडने, २०१९ च्या अहवालात १४७ देशांत मिळून सुमारे ५,४०० अशी क्षेत्रे मोजली. इतके देश एका वाटेने चालले आहेत तर ती वाट बरोबरच असणार, असा हा युक्तिवाद. त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र सांगायची राहून जाते. या ५,४०० पैकी जवळजवळ निम्मी क्षेत्रे एकट्या चीनमध्ये आहेत. उरलेल्यांपैकी किती नावारूपाला आली आणि किती जागा अडवून बसली, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. आणि जी नावारूपाला आली ती कशामुळे आली, हे तपासले तर करमाफीच्या वकिलांची बाजू टिकत नाही, हे मला इथे दाखवायचे आहे.

आधी एक गफलत दूर करायला हवी. ‘मुक्त क्षेत्र’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, आयातशुल्कातली सूट: निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्क न भरता आणायचा आणि तयार माल बाहेर पाठवायचा. दुसरी, सोयी आणि कारभार: अखंड वीज, पाणी, बंदराला किंवा विमानतळाला लागून जागा, सीमाशुल्काचा अधिकारी आवारातच, परवाने एका टेबलावर. तिसरी, नफ्यावरच्या आयकरात माफी. कांडल्याचे निर्यात क्षेत्र १९६५ मध्ये सुरू झाले, आशियातले ते पहिले. अंधेरीचे सीप्झ १९७३ चे. सीप्झमध्ये दागिन्यांचा धंदा वाढला तो सोने आणि हिरे शुल्काविना आत येतात, माल जागच्या जागी तपासला जातो आणि विमानतळ जवळ आहे म्हणून. यात कुणाला खिरापत वाटलेली नाही. निर्यात होणाऱ्या मालावर आपल्या देशाचा कर लादू नये हे तत्त्व जगात सगळीकडे मान्य आहे. भारत सरकारही सेझबाहेरच्या निर्यातदाराला तो कर परत करते. पहिल्या दोन गोष्टींवर माझा आक्षेप नाही, उलट त्यांची देशभर वानवा आहे ही खरी तक्रार आहे. वाद तिसऱ्या गोष्टीचा आहे. यश पहिल्या दोहोंचे आणि श्रेय तिसरीला, अशी ही मांडणी गेली वीस वर्षे चालली आहे.

शेन्झेनपासूनच सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. १९८० मध्ये चीनने चार विशेष क्षेत्रे जाहीर केली: शेन्झेन, झुहाई, शान्तौ आणि शियामेन. १९८८ मध्ये हैनान हे अख्खे बेट पाचवे क्षेत्र झाले. परदेशी कंपन्यांना इतरत्र नफ्यावर ३३ टक्क्यांपर्यंत कर होता, या क्षेत्रांत तो १५ टक्के. दर पाचही ठिकाणी एकच. करसवलत हेच यशाचे इंजिन असते तर पाचही ठिकाणी निदान सारखा वेग दिसायला हवा होता. तसे झाले नाही. शान्तौला सवलत तीच, समुद्रकिनारा तोच, परदेशी स्थायिक झालेल्या श्रीमंत चिनी कुटुंबांचे ते मूळ गावही. आज शान्तौची अर्थव्यवस्था शेन्झेनच्या दहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही. हैनानमध्ये तर कारखान्यांऐवजी जमिनीचा सट्टा फोफावला आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच तो फुगा फुटून अर्धवट इमारतींचे सांगाडे मागे राहिले. फरक कराच्या दराचा असूच शकत नव्हता, कारण दरात फरकच नव्हता. शेन्झेनच्या वेशीवर हाँगकाँग होते. तिथली मजुरी आणि भाडी वाढत होती आणि खेळणी, कपडे, रेडिओ जोडणारे कारखाने सीमेपलीकडे जागा शोधत होते. भांडवल, यंत्रे, परदेशी गिऱ्हाइके आणि बंदर हे सगळे एका पुलाच्या अंतरावर तयार होते. शान्तौच्या वेशीवर असे काही नव्हते.

शेन्झेनची दुसरी पुंजी होती प्रयोगाची मुभा. १ डिसेंबर १९८७ चा लिलाव यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी शेन्झेनच्या नगर प्रशासनाने ८,५८८ चौरस मीटरचा एक भूखंड ५० वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी जाहीर लिलावात काढला. क्रांतीनंतरच्या चीनमध्ये जमीन विकता येत नव्हती, भाड्यानेही देता येत नव्हती. राज्यघटनाच तशी होती. बोली चढत गेली आणि ५२ लाख ५० हजार युआनला भूखंड गेला. पुढच्याच एप्रिलमध्ये चीनने राज्यघटनेत दुरुस्ती करून जमीन वापराच्या हक्काचे हस्तांतर कायदेशीर केले. शेन्झेनचे रस्ते, नळ, वीजवाहिन्या आणि शाळा यांना पैसा आला तो या मार्गाने. जमीन सरकारकडेच राहिली, तिची वाढती किंमत नगर प्रशासनाच्या तिजोरीत आली, आणि तिथून ती पुन्हा शहरात गेली. आपल्याकडे ज्या नमुन्याला शेन्झेन म्हणून खपवले जाते त्यात हे चक्र नेमके उलटे फिरते: जमीन स्वस्तात विकसकाला, वाढलेली किंमत विकसकाच्या खिशात आणि करही माफ. शेन्झेनच्या नावाने शेन्झेनच्या बरोबर विरुद्ध धोरण मागितले जात आहे. शिवाय २००८ मध्ये चीनने कंपनी कर देशभर २५ टक्क्यांवर आणला आणि जुन्या क्षेत्रांची वेगळी सवलत पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवली. उच्च तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना १५ टक्के दर राहिला, पण तो देशात कुठेही. हुआवे, टेन्सेंट, बीवायडी यांपैकी कुणी शहर सोडले नाही. २०२० च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात होती.

हे शहर कुणाच्या घामावर उभे राहिले, तेही त्याची उदाहरणे देणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेन्झेनमधल्या झिली खेळणी कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. ८० हून अधिक कामगार मेले, बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. नियम कुंपणाबाहेर ठेवा असे म्हणणे सोपे असते. आत जळून कोण मरते हे त्या वाक्यात येत नाही.

दुबईचे उदाहरण तर करमाफीच्या समर्थकांना मुळीच लागू पडत नाही. जेबेल अलीचे बंदर १९७९ मध्ये खुले झाले, त्याला लागून मुक्त क्षेत्र १९८५ मध्ये आले. इथे शून्य कर होता म्हणून कंपन्या धावल्या, असे सांगतात. पण तेल कंपन्या आणि परदेशी बँका सोडल्या तर संयुक्त अरब अमिरातींत कुंपणाबाहेरही कंपन्यांच्या नफ्यावर कर नव्हताच. ९ टक्क्यांचा कंपनी कर तिथे जून २०२३ पासून लागू झाला. म्हणजे जवळजवळ चार दशके जेबेल अलीच्या आत आणि बाहेर कर सारखाच होता. फरक होता तो मालकीचा. बाहेर धंदा करायचा तर ५१ टक्के भागीदारी स्थानिक माणसाला द्यावी लागे, आत संपूर्ण मालकी स्वतःची ठेवता येई. आणि आत पाऊल टाकले की समोर माणसाने खोदलेले जगातले सर्वांत मोठे बंदर, सरकारी पैशाने बांधलेले. कायद्याची खात्री आणि बंदर, या दोन गोष्टींनी जेबेल अली घडवले.

आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाला १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपले काम जाण्याची भीती पडली, कारण नवी जेट विमाने इंधनासाठी तिथे न उतरता थेट अटलांटिक ओलांडू लागली होती. १९५९ मध्ये तिथे मुक्त क्षेत्र उभे केले गेले आणि आधुनिक क्षेत्रांचे ते मूळ मानले जाते. १९८० मध्ये, पुढे चीनचे अध्यक्ष झालेले जियांग झेमिन ते पाहायला गेले होते. शॅननमध्ये करमाफी होती, हे खरेच. पण आयर्लंडची भरारी दिसू लागली ती १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाल्यावर आणि १९७३ मध्ये युरोपची बाजारपेठ उघडल्यावर, तीही वीसेक वर्षे जाऊन. मॉरिशसची गोष्ट अधिक बोलकी आहे, आणि तिथल्या मराठी समाजाच्या पिढ्यांनी ती जवळून पाहिली आहे. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, संपूर्ण बेटावर कुठेही कारखाना काढता येई. हाँगकाँगचे कापड उद्योजक तिथे आले ते युरोपात शुल्काविना माल जाई म्हणून आणि मॉरिशसच्या वाट्याचा कापड निर्यातीचा कोटा रिकामा होता म्हणून. २००५ च्या सुरुवातीला जगभरातली ही कोटा पद्धत संपली आणि शिवणकामातल्या हजारो नोकऱ्या गेल्या. कर त्या काळात वाढलेला नव्हता. बाजाराचा दरवाजा बंद झाला आणि करसवलतीला त्याची जागा घेता आली नाही.

जी क्षेत्रे फसली त्यांची नावे या चर्चेत कधी निघत नाहीत. सेनेगलने १९७४ मध्ये डाकारला औद्योगिक मुक्त क्षेत्र काढले, पूर्ण करमाफीसह. वीज महाग, परवान्यांना महिनोन्‌महिने. मूठभर कारखाने आले आणि १९९९ मध्ये नव्यांना प्रवेश देणे थांबवावे लागले. फिलिपिन्सने बाताआनला डोंगरकपारीत १९७० च्या दशकात असेच क्षेत्र बांधले. पीटर वॉर या अर्थतज्ज्ञाने जमाखर्च मांडला तेव्हा देशाला त्यातून निव्वळ तोटा झाल्याचे निघाले. मलेशिया आणि दक्षिण कोरियाची क्षेत्रे त्याच हिशेबात फायद्यात होती. एकेक उदाहरण कुणी अपवाद म्हणून बाजूला सारेल, म्हणून व्यापक अभ्यासांकडे पाहावे. जागतिक बँकेसाठी थॉमस फॅरोल यांनी २०११ मध्ये आफ्रिकेतल्या क्षेत्रांची इतर खंडांशी तुलना केली. सोयी आणि बंदरातली गती यांचा निर्यातीशी संबंध दिसला, करसवलतीचा दिसला नाही. पुढे २२ देशांतल्या ३४६ क्षेत्रांचा अभ्यास झाला. त्यांची आकडेवारी एकसारखी नसते म्हणून उपग्रहांनी टिपलेला रात्रीच्या दिव्यांचा उजेड मोजला गेला. क्षेत्र किती मोठे, मोठ्या बाजारपेठेपासून किती अंतरावर, यांचा परिणाम स्पष्ट होता. सवलतींचा फारसा नव्हता.

असे का व्हावे, हे समजायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही. नफ्यावरच्या करातली माफी ज्याला नफा आहे त्यालाच उपयोगी पडते. नवा कारखाना पहिली तीन-चार वर्षे बहुधा तोट्यात असतो. त्याला चिंता असते वीज किती वेळा जाते, कंटेनर बंदरात किती दिवस अडकतो आणि कर्जाचा व्याजदर काय आहे याची. कर शून्य असला तरी त्याच्या हातात काही पडत नाही. ज्याचा धंदा जोरात आहे, ज्याने गुंतवणूक अशीही केलीच असती, त्याला मात्र घसघशीत रक्कम मिळते. मदत म्हणून हे साधन उफराटे आहे. शिवाय ते काम निर्माण करण्यापेक्षा कामाची जागा हलवते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास उद्योग क्षेत्रे काढली तेव्हा तिथल्या अर्थखात्याने ५४ हजार नोकऱ्यांचा अंदाज दिला होता. सेंटर फॉर सिटीज या संस्थेने नंतर मोजले तेव्हा साडेतेरा हजारांच्या आसपास निघाल्या आणि त्यातल्या किमान एकतृतीयांश दुसरीकडून उठून आलेल्या होत्या. २०२१ मध्ये ब्रिटनने फ्रीपोर्ट जाहीर केले. तिथल्या सरकारच्याच स्वायत्त अंदाज कार्यालयाने सांगितले की यातून मुख्यतः उद्योगाचे ठिकाण बदलेल, प्रमाण नाही.

हेच आपल्याकडे पुण्यात आणि बंगळुरूत घडले आहे. सॉफ्टवेअर पार्कांना मिळणारी आयकरातली सूट मार्च २०११ मध्ये संपली. त्याआधी सेझचा कायदा आला होता, तेव्हा कंपन्यांचे नवे काम सेझच्या इमारतींकडे वळले. हिंजवडी, खराडी इथे माणसे तीच, गिऱ्हाइके तीच, फक्त इमारतीवर सेझची पाटी. पुढे नव्या युनिटांसाठी आयकरमाफीची मुदत २०२० मध्ये संपली. मग सेझमधले मजले रिकामे पडू लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला नियम बदलावा लागला: इमारतीचा एखादा मजलाच्या मजला सेझमधून वगळता येईल. करमाफीचे समर्थक इथे बोट ठेवतात, बघा, सवलत गेली आणि सेझ ओस पडले. पण सेझ ओस पडले तेव्हा काम कुठे गेले? घरून काम करण्याच्या पद्धतीचा भाग सोडला तर ते शेजारच्या, सेझ नसलेल्या इमारतीत गेले. बहुराष्ट्रीय कंपन्यांची कामकेंद्रे या देशात सर्वाधिक वेगाने वाढली ती आयकरमाफी संपल्यानंतरच्या याच वर्षांत. सेझमधल्या जुन्या युनिटांना सवलत अजून आहे हे मान्य करूनही, सेझमधली एकूण निर्यात २०२३-२४ मध्ये १६० अब्ज डॉलरच्या वर गेली, तीही चढत चढत. मग इतकी वर्षे माफ केलेला कर नेमका कशाचा मोबदला होता?

त्याचा हिशेब महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१४ मध्ये मांडला, आणि सेझबद्दल मत देणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचला पाहिजे. ३९२ क्षेत्रे अधिसूचित झाली, सुरू झाली १५२. तपासलेल्या क्षेत्रांत ३९ लाख १७ हजार नोकऱ्यांचा वायदा होता, मिळाल्या २ लाख ८४ हजार. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात दिलेली करसवलत ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक. सहा राज्यांत अधिसूचित झालेल्या सुमारे ३९ हजार हेक्टरपैकी ५,४०० हेक्टर जमीन नंतर सेझमधून काढून व्यापारी उपयोगासाठी वळवली गेली. सार्वजनिक हिताच्या नावाने घेतलेली जमीन अशी जमिनीच्या बाजारात गेली. हे अनपेक्षितही नव्हते. २००६ मध्येच अर्थखात्याने महसूल बुडेल असा इशारा दिला होता, त्या वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असलेल्या रघुराम राजन यांनी तीच शंका घेतली होती, आणि रिझर्व्ह बँकेने सेझसाठी दिलेले कर्ज हे बांधकाम व्यवसायाला दिलेले कर्ज समजावे असे बँकांना कळवले होते. ज्यांना आकडे कळत होते त्यांना हे काय चालले आहे ते तेव्हाच दिसत होते.

ज्यांची जमीन जाणार होती त्यांनाही दिसत होते. रायगड जिल्ह्यातल्या पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या पुढाकाराने महामुंबई सेझसाठी हजारो हेक्टर जमीन घ्यायचे ठरले. पेणच्या २२ गावांची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती; भाताच्या एका पिकावर जगणारी ही गावे वर्षानुवर्षे कालव्याच्या पाण्याची वाट पाहत होती. पाण्याऐवजी भूसंपादनाची नोटीस आली. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते गावकऱ्यांच्या मागे उभे राहिले आणि आंदोलनाच्या रेट्यामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला या गावांत शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, असा थेट सवाल सरकारने शेतकऱ्याला विचारल्याची अशी उदाहरणे या देशात फार थोडी आहेत. प्रचंड बहुमत विरोधात गेले. सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण संपादन पुढे रेटणेही अशक्य झाले. गोव्यात लोक रस्त्यावर उतरले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना राज्यातली सेझ गुंडाळत असल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये पश्चिम बंगालच्या नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसे मेली होती. या लोकांना विकासविरोधी म्हटले गेले. त्यानंतर सात वर्षांनी कॅगने जे लिहिले, ते पेणचा शेतकरी आधीपासून सांगत होता: कारखान्याचे नाव पुढे करून जमीन घेतली जाईल आणि ती पडून राहील किंवा विकली जाईल. नवी मुंबईच्या सेझला सिडकोने दिलेली जमीन दशकभराहून अधिक काळ बहुतांशी रिकामीच राहिली, आणि अखेर राज्य सरकारने तिथे सेझऐवजी औद्योगिक वसाहत करायला परवानगी दिली.

याला ठरलेले उत्तर असे की २०११ च्या अर्थसंकल्पात सेझवर किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट, लावला आणि चालत्या गाडीला खीळ घातली; सरकारने शब्द पाळला असता तर चित्र वेगळे दिसले असते. शब्द फिरवणे वाईट, हे मी मान्य करतो. पंधरा वर्षांची सवलत जाहीर करून सहाव्या वर्षी तिचा लचका तोडणाऱ्या सरकारवर गुंतवणूकदाराने विश्वास का ठेवावा? पण या आक्षेपातून निघते काय ते पाहा. साडेअठरा टक्क्यांचा मॅट लागताच जे प्रकल्प बारगळले, त्यांच्यात कराच्या फरकापलीकडे काही तथ्य नव्हते. बंदर, कुशल कामगार, पक्की गिऱ्हाइके यांच्या जोरावर उभा राहणारा कारखाना तेवढ्याने मोडत नाही. २०१९ मध्ये तर सरकारने सगळ्या देशालाच जवळजवळ सेझ करून पाहिले: कंपनी कर २२ टक्के, नव्या कारखान्यांना १५ टक्के, तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा खड्डा. कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यानंतरही कोसभर दूरच राहिले. एवढा मोठा प्रयोग डोळ्यांसमोर झालेला असताना आणखी सवलत मागणाऱ्यांवर पुराव्याची जबाबदारी आहे.

हाँगकाँग आणि सिंगापूर ही दोन नावे यानंतर हमखास येतात. कर कमी, समृद्धी अफाट. पण कर कमी ठेवणे तिथे परवडते कसे, हे कुणी सांगत नाही. हाँगकाँगमध्ये जवळजवळ सगळी जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि भाडेपट्ट्यांतून येणारा पैसा हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार राहिला आहे. तिथली निम्म्याच्या आसपास लोकसंख्या सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या घरांत राहते. सिंगापुरात सरकारी मंडळाच्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण पाचांत चार इतके आहे, आणि पगाराच्या ३७ टक्के रक्कम सक्तीच्या भविष्यनिधीत जाते. ज्याला कमी कराचे राज्य म्हणून दाखवले जाते ते जमिनीवर आणि बचतीवर भारतीय सरकारांना स्वप्नातही जमणार नाही इतका ताबा ठेवणारे राज्य आहे. त्यातला फक्त कराचा दर उचलून आणायचा आणि बाकी सोडून द्यायचे, याला अनुकरण म्हणत नाहीत.

आता तर करमाफीचा उरलासुरला तर्कही ढासळत चालला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी ठरवले की ७५ कोटी युरोंपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांना प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर लागावा. याचा व्यवहारातला अर्थ असा: एखाद्या मुक्त क्षेत्रात अशा समूहाने १०० रुपये नफा कमावला आणि त्या देशाने कर माफ केला, तर नियम लागू करणारा कंपनीचा मायदेश ते १५ रुपये वसूल करू शकतो. गरीब देशाने सोडलेला पैसा कंपनीलाही मिळत नाही. तो श्रीमंत देशाच्या तिजोरीत जातो. हे ओळखून व्हिएतनामने २०२४ पासून आणि संयुक्त अरब अमिरातींनी २०२५ पासून अशा समूहांवर स्वतःच १५ टक्क्यांपर्यंतचा भरपाई कर लावला. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये या व्यवस्थेतून अंग काढून घेतले आणि तिचे पुढे काय होईल यावर रस्सीखेच सुरू झाली. तरीही युरोपीय, जपानी, कोरियन समूहांसाठी शून्य कराचे आमिष पूर्वीसारखे राहिलेले नाही. ज्या दुबईचा दाखला आपल्याला दिला जातो ती स्वतः कर लावू लागली आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळानेही ऑक्टोबर २०१९ मध्ये, अमेरिकेच्या तक्रारीवरून, निर्यातीशी जोडलेल्या भारतीय सेझच्या सवलती नियमबाह्य ठरवल्या. भारताने त्यावर अपील केले आहे.

करमाफीपेक्षाही गंभीर एक बाब होंडुरासमध्ये दिसते. मुक्त क्षेत्रांचे कट्टर समर्थक ज्या टोकाला पोहोचतात ते टोक तिथे प्रत्यक्षात आणले गेले. खासगी कंपनीने चालवायची, स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायव्यवस्था आणि नाममात्र कर असलेली क्षेत्रे काढण्याचा पहिला कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. संसदेने चार न्यायाधीशांना हटवले आणि २०१३ मध्ये तसाच कायदा पुन्हा केला. त्याखाली रोआतान बेटावर प्रॉस्पेरा उभे राहिले. शेजारच्या क्रॉफिश रॉक या वस्तीतले लोक आपली जमीन जाईल या धास्तीत राहू लागले. २०२२ मध्ये नव्या संसदेने तो कायदा एकमताने रद्द केला, आणि प्रॉस्पेराच्या अमेरिकी कंपनीने होंडुरासवर आंतरराष्ट्रीय लवादात सुमारे १० अब्ज ७० कोटी डॉलरचा दावा लावला. ही रक्कम त्या देशाच्या वर्षाच्या सरकारी खर्चाच्या दोनतृतीयांशांच्या आसपास जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही क्षेत्रे मुळातच घटनाबाह्य असल्याचा निकाल दिला, तरी दावा मागे घेतला गेला नाही. करार ५० वर्षे बदलता येणार नाही, अशी हमी आजच्या सरकारने दिली तर उद्याच्या मतदाराच्या हातात काय उरते? शेन्झेनमध्ये निदान नगर प्रशासन चीनच्या सरकारला बांधील होते. इथे सरकारच कंपनीला बांधील झाले.

आपल्याकडे सेझच्या कायद्याची जागा घेणारे नवे विधेयक २०२२ पासून घाटत आहे आणि सेझ धोरणाचा आढावा घेणाऱ्या कल्याणी समितीने त्याआधी, २०१८ मध्ये, सवलतींची मुदत वाढवण्याची शिफारस केली होती. विधेयक जेव्हा येईल तेव्हा संसदेतल्या आणि विधिमंडळातल्या आपल्या प्रतिनिधींना तीन गोष्टी विचारा. नफ्यावरच्या आयकरात नव्याने माफी आहे का? जमिनीचा वापर बदलला तर ती मूळ शेतकऱ्याला संपादनाच्याच भावाने परत मिळणार का? आणि प्रत्येक क्षेत्राचा माफ केलेला कर, दिलेली जमीन आणि प्रत्यक्ष हजेरीपटावरचे कामगार यांचा हिशेब दर वर्षी सभागृहापुढे ठेवला जाणार का? बंदरे, वीज, रस्ते आणि सीमाशुल्काचा वेगवान कारभार यांवर सरकारने हवा तेवढा खर्च करावा, तो कुंपणाच्या आतही करावा आणि बाहेरही. नफ्यावरच्या करमाफीची मागणी मात्र संसदेने फेटाळली पाहिजे.